उघडं धुराडं

ऑफिसातून फोन आला तेव्हा मार्गो लिंडक्विस्ट दात घासत होती.

"मार्गो, ओगलालाला जा. हाव्लिकचा ट्रक गेला."

"हाव्लिक गेला ते ठाऊक आहे. ट्रक कसा गेला?"

"दारात उतरवला, पोराने किल्ली फिरवली आणि इंजिन जॅम. ऑर्व्हिलने आणला होता."

मार्गोने घाईघाईने चूळ भरली. ऑर्व्हिल पीट! लोबेड ट्रेलरवर दुसऱ्यांचे ट्रक लादून या राज्यातून त्या राज्यात पोचवायचे, यातच त्या त्रेसष्ट वर्षांच्या माणसाची हयात गेली होती. दोन वर्षांपूर्वी त्याची एक साखळी सुटली, तेव्हाच त्याच्या कंपनीने बजावलं होतं, आणखी एक चूक आणि घरी बसायचं. मार्गो विम्याची तपासनीस. म्हाताऱ्याचं पोट आता तिच्या अहवालावर होतं.

ती पोचली तेव्हा निळा ट्रक अंगणात उभा होता, खाली तेलाचं थारोळं. ऑर्व्हिल आपल्या गाडीच्या पायरीवर बसला होता. त्याची गाडी चालूच होती. ती बंद करण्याइतकाही त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

लेस्टर हाव्लिकचा मुलगा वेस तरातरा पुढे आला. चोवीस वर्षांचा, धान्याच्या कोठारावर नोकरी करणारा.

"यांनी धुराडं झाकलं नाही, बाई! बाबा गेले त्या पेंडलटनपासून हजार मैल वारा आत घुसला. इंजिन बंद, म्हणून तेल नाही; टर्बोचा पंखा कोरडाच फिरत राहिला. मी चालू केला आणि फुटला. इंजिनाने त्यातलं तेल ओढलं, बेफाम पळालं, खलास!"

"झाकलं होतं," ऑर्व्हिल म्हणाला. "देवाशपथ."

"मग टेप कुठे आहे?"

"तेच तर मला कळत नाही, बाळा."

ऑर्व्हिलने फोनमधला फोटो दाखवला. वेळ, सकाळचे दहा दहा. पुलांखाली अडकू नये म्हणून धुराड्याचा वरचा भाग काढलेला, आणि केबिनमागे राहिलेल्या नळीच्या तोंडावर जाड काळी टेप, घट्ट.

"म्हणजे वाऱ्याने उडाली," वेस म्हणाला. "नीट लावली नव्हती."

मार्गो केबिनमागे चढली. नळीचं तोंड तिच्या खांद्याच्या उंचीवर होतं. कडेला टेपचं कडं अजून चिकटलेलं. फक्त तोंडावरचा गोल गायब, आणि काप अगदी सरळ.

"वारा कात्री घेऊन फिरत नाही," ती खाली उतरत म्हणाली.

तेवढ्यात डोरीन हाव्लिक कॉफी घेऊन आली. नवऱ्याला पुरून एकच दिवस झाला होता. डोळे कोरडे होते.

"तुम्ही पेंडलटनला गेला होता ना?" मार्गोने हळूच विचारलं.

"देह ताब्यात घ्यायला. लगेच विमानाने परत आले."

"त्यांच्या वस्तू मिळाल्या?"

"घड्याळ, पाकीट, किल्ल्यांचा जुडगा. आणखी काय असतं माणसाचं?"

"ट्रकबद्दल काही—"

"मला मेलीला यातलं काय कळतंय? मी आपली चुलीपाशी बरी." मग तिने मान कलती केली आणि ऑर्व्हिलला म्हणाली, "तुमच्या गाडीचा पट्टा सैल झालाय. पाण्याच्या पंपाकडचा. उद्यापर्यंत तुटेल."

ऑर्व्हिल चपापला. "सकाळपासून ओरडतोय खरा."

मार्गोने ते ध्यानात ठेवलं. कॉफी संपवली आणि वेसकडे किल्ली मागितली.

"तू केबिनमध्ये काही आवरलंस?"

"बाबांच्या वस्तूंना हातही लावला नाही." त्याने खिशातून किल्ली काढून दिली. "उशीवर अजून खळगा आहे, बाई."

खरंच होता. मार्गोने तिकडे पाहायचं टाळलं. सीटांमागच्या बिछान्याशेजारी कचऱ्याची पिशवी लटकत होती. त्यात कॉफीचे रिकामे कप, आणि सगळ्यांत वर काळ्या टेपचा गोल, चिकट बाजू आत घेऊन चार घड्या घातलेला.

ती ऑर्व्हिलपाशी येऊन बसली.

"ट्रेलरवर ट्रक कुणी चढवला?"

"तिथल्या यार्डातल्या माणसाने. केबिनला कुलूप लावलं, किल्ली पाकिटात घालून वर शिक्का मारला."

"शिक्का मीच फोडला," वेस म्हणाला. "इथे."

"टेप कधी लावलीस, ऑर्व्हिल? कुलूप लावण्याआधी?"

"नंतर. सगळ्यांत शेवटी."

"वाटेत?"

"तीनदा थांबलो. साखळ्या तपासल्या, वर चढलो नाही. खालून ते तोंड दिसत नाही."

"आणि फोटो काढल्यावर, निघायच्या आधी ट्रकजवळ कोण गेलं?"

ऑर्व्हिलने टोपी काढली, पुन्हा घातली. "कुणी नाही."

"म्हाताऱ्या, नोकरी जाईल तुझी."

"सांगितलं ना, कुणी नाही." तो घराच्या दाराकडे मात्र पाहत नव्हता.

मार्गोला सगळं कळून चुकलं, आणि कळल्याचं वाईट वाटलं. या धंद्यात चोर पकडायची सवय होती तिला. हे तसलं नव्हतं.

स्वयंपाकघरात चौघं बसली.

"टेप कापली गेली," मार्गोने सुरुवात केली. "आणि कापलेला तुकडा कुलूपबंद केबिनमध्ये सापडला. टेप लावली तेव्हा केबिनला कुलूप होतं. ऑर्व्हिलकडची किल्ली शिक्क्याच्या पाकिटात. म्हणजे दुसरी किल्ली असलेलं कुणीतरी आत गेलं. दुसरी किल्ली लेस्टरच्या जुडग्यात होती."

वेसने मान वर केली. "तो तर आईकडे..."

"टेप काढली तर टर्बो मरतो, हे चुलीपाशी बसणाऱ्या बाईला ठाऊक नसतं. पण नुसत्या आवाजावरून पट्टा ओळखणाऱ्या बाईला असतं. किती वर्षं फिरलात लेस्टरबरोबर?"

"अकरा," डोरीन म्हणाली. "हा व्हायच्या आधी."

"म्हणूनच चुकलात. दुसऱ्या कुणी तो तुकडा वाऱ्यावर सोडला असता. तुम्ही घडी करून पिशवीत टाकलात."

"रस्त्यावर कचरा टाकलेला लेस्टरला खपायचा नाही." डोरीनने पदराशी चाळा करावा तसा ॲप्रनचा काठ चोळला. "यांना म्हटलं, मला एक मिनिट त्याच्या ट्रकजवळ एकटीला राहू द्या. या भल्या माणसाने टोपी काढली आणि पाठ फिरवली."

"आई, का?" वेस ओरडलाच. "बाबांचा ट्रक होता तो!"

"म्हणूनच! दोन दिवस तो त्या बिछान्यावर मरून पडला होता, वेस. त्या ट्रकतळावर शेजारी गाड्या येत होत्या, जात होत्या. माणसं जेवत होती. कुणाला पत्ता नाही! आणि तू माझ्यासमोर म्हणतोस, ट्रक आला की नोकरी सोडतो आणि बाबांसारखा निघतो. तो चालूच झाला नसता तर तू राहिला असतास."

मग ती ऑर्व्हिलकडे वळली.

"मला वाटलं, वाऱ्यावर खापर फुटेल. तुमच्या माथी येईल हे डोक्यातच आलं नाही. तुम्हाला कळलं होतं ना?"

"शंका होती," ऑर्व्हिल म्हणाला. "पण माझीही बायको फोनपाशी बसून असते, बाई. कसं बोलणार?"

मार्गोने कागद पुढे सरकवला. भरपाईची मागणी मागे घेतली, वाहतूकदाराचा दोष नाही. डोरीनने वाचलंही नाही, सही केली. ऑर्व्हिलने तोंडावरून हात फिरवला आणि खिडकीबाहेर पाहत राहिला.

वेस उठून उभा राहिला.

"मी सोमवारीच एका वाहतूक कंपनीत सही केलीय, आई. बाबांच्या ट्रकचे कागद माझ्या नावावर व्हायला महिना गेला असता. तोवर म्हटलं, हात बसेल. उद्या निघायचंय. सॉल्ट लेक."

"परक्याच्या ट्रकमध्ये?"

"आता परक्याच्याच. बाबांच्या ट्रकचा आवाज न् आवाज मला ओळखीचा होता." त्याने खुंटीवरच्या बापाच्या जाकिटाकडे पाहिलं. "त्यात मी जपून गेलो असतो गं."

डोरीन खुर्चीत दगडासारखी बसून राहिली. मार्गोला वाटलं, आता ही कोसळणार. पण ती बोलली तेव्हा आवाज वेगळाच होता, कामाचा.

"किती मैल झालेत त्या गाडीचे?"

"सात लाख."

"ब्रेक?"

"चांगले आहेत म्हणाले."

"म्हणाले! तू खाली शिरून बघितलेस?"

वेसने नकारार्थी मान हलवली.

डोरीनने ॲप्रन काढून खुर्चीवर टाकला, खुंटीवरचं नवऱ्याचं जाकीट अंगात घातलं आणि टॉर्च घेतला.

"चल. कुठे उभी आहे दाखव." दारात ती थांबली. वळली नाही. "आणि रोज संध्याकाळी फोन करायचा. मेलास तरी त्याच दिवशी कळलं पाहिजे मला."