टॉलिव्हरची तबकडी

"दुपारच्या आत ही बाई माझ्या घरातून गेली पाहिजे!" पद्माकरकाकांनी सुनेकडे बोट रोखलं. "वैजयंतीबाई, तुम्ही फक्त पुरावा द्या."

गुन्हेगार समोरच उभी असताना पुरावा कशाला हवा, असं उदयला वाटलं. तो खासगी गुप्तहेर वैजयंतीचा मदतनीस. झटपट निकाल लावण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

वैजयंती टेबलावरची ग्रामोफोनची तबकडी न्याहाळत होती. १९२९ सालची. एझ्रा टॉलिव्हर तारांवर सुरी घासत गिटार वाजवायचा, त्याच्या गाण्याची ही एकमेव उरलेली प्रत. इंग्लंडात आल्यावर लीड्समधल्या पहिल्या एकट्या हिवाळ्यात याच गाण्याने काकांना तगवलं होतं. शनिवारपासून मात्र तिच्यातून नुसती खरखर येत होती. काळी चकाकी राखाडी पडलेली; पण ओरखडा एकही नाही, आणि मधलं कागदी लेबल कोरडं, स्वच्छ.

"लाखेची असते ही. स्पिरिट लागलं की संपली," काका गुरगुरले. "नर्सच्या बॅगेत दुसरं काय असतं? एरवी हिला प्लेअरवर सुई ठेवता येत नाही!"

"मला तो रडका आवाज आवडत नाही, बाबा," रेखा म्हणाली. "पण राग काढायचा असता तर आपटलीच असती."

मेडनहेडचे संग्राहक विलास शनिवारी येऊन गेले होते. ते फोनवर खेकसले, "चाळीस वर्षं लाखेच्याच तबकड्या जमवतोय मी! मागितली, दिली नाही. चोरली असती एक वेळ, नासवली नसती."

मुलगा राजीव ब्रॅकनेलला कॉम्प्युटर कंपनीत होता. "डॅडच्या बर्थडेसाठी आम्ही वीकेंडला आलो. मी ओन्ली माझे जुने एलपी क्लीन केले." एलपी लखलखत होते. शेजारच्या बाटलीला दवाखान्याचा वास येत होता.

वैजयंतीने सगळ्यांना बसवलं.

"नासवायचीच असती, तर लेबल कोणी जपलं असतं? हलक्या हाताने, गोल गोल पुसलंय. म्हणजे पुसायची सवय आहे, पण लाख माहीत नाही. विलासना लाख कळते. रेखाला सुईसुद्धा ठेवता येत नाही, हे काकाच म्हणाले. प्लास्टिकच्या एलपीला स्पिरिटने काही होत नाही, राजीव. म्हणून तुला वाटलं, हिलाही चालेल."

राजीवची मान खाली गेली. "सरप्राइज द्यायचं होतं. मग डॅड रेखावर शाउट करायला लागले, अँड... मला वाटलं, ती हँडल करेल."

काका सुनेकडे वळले. "रेखा, चुकलो मी. राहा, पोरी."

रेखाने कोट चढवला. "बाबा, तुम्हाला खरं माहीत नव्हतं. याला होतं. दोन दिवस माझ्याशेजारी बसून जेवला हा."

राजीव उठला.

"येऊ नकोस," ती म्हणाली, आणि दार ओढून निघून गेली.

उदयला राजीवचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.