वाकळीचं दुसरं टोक

ही घडलेली गोष्ट आहे. आणि रात्रीची नाही.

भर दुपारची आहे. वैशाख, १९६५. गावाचं नाव लिहीत नाही, आमची माणसं अजून तिथं राहतात. लोणारहून निघालेली एसटी जिथं चहाला थांबते ते तालुक्याचं गाव, एवढं पुरे.

मी तेव्हा घरात होतो, पण दहा महिन्यांचा. लिहितो ते आईकडून ऐकलेलं. मधला एक तुकडा शालूकाकूचा. तो तिने एकदाच सांगितला.

गावातून जुना दगडी पाट जातो. त्यात वर्षानुवर्षं घाण साचलेली. त्या साली नगरपालिकेने तो उपसला, काठ बांधले, तलावाचं पाणी सोडलं. दोन्ही बाजूंना दुकानं आली. बांगड्या, सोडा-लेमन, भाड्याच्या सायकली. कपडे धुवायला मनाई झाली. धुण्याचे जुने दगड उलटे करून बसायचे बाक केले.

सगळं गाव पाट बघून आलं. राहिली फक्त काकू. बाळंतीण होती ना.

तिचं पहिलं पोर सटवीच्या पूजेआधीच गेलं होतं. हे दुसरं, दोन महिन्यांचं. अंगावरचंच प्यायचं. वरचं दूध दिलं की ओकून टाकायचं.

म्हणून आजीने, म्हणजे काकूच्या सासूने, अट घातली.

"जा. पन त्याच्या भुकेआंधी घरात पाय पायजे. नाही आली तं तुयं तूच जाण."

माझी आई आणि काकू, दोघी जावा निघाल्या. काठावर काकू परकरी पोरीसारखी फिरली. सोडा प्यायली. नाकात गेला तशी हसली.

"जाऊबाई, मुंबई अशीच असंन का व?"

"मोठी आली मुंबईवाली! नालीत पानी सोडलं तं मुंबई होते का?"

ऊन चढलं. दुकानदारांनी पोत्यांचे पडदे सोडले आणि आत आडवे झाले. पलीकडच्या काठाला एक बांगडीवाला तेवढा उघडा. आई पुलावरून तिकडे गेली. काकू निंबाखाली बाकावर टेकली.

आईच्या हातात बांगडी चढत होती, तेव्हा…

थप्प.

धुणं आपटल्याचा आवाज.

थप्प. थप्प.

"कोन धुऊन राह्यलं हो?"

"कुठी बाई? बंदी हाय नं. हात ढिला सोडा, फुटंन."

मग आवाज थांबला. सगळेच आवाज थांबले. पाणी वाहत होतं, पण त्याचाही…

आईने पलीकडे पाहिलं.

काकू काठावर उभी होती. मागे रेललेली. तिच्या लुगड्याचा पदर पाण्यावर सरळ ताणलेला. एक टोक ती पिळत होती.

दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं.

ते टोक… उलटं फिरत होतं.

आणि काकू हसून बोलत होती.

काकूचा तुकडा, जसाच्या तसा:

"बाई पान्यात उभी व्हती. म्हने, वाकळ पिळू लागतं का, एकटीच्यानं नाही व्हत. खरंच व्हते का एकटीच्यानं? मंग काऊन नाही म्हनू? धरलं टोक. म्या म्हटलं, केवढं पानी पेली व हे! तं म्हने, अजून हाय, पीळ. म्या पिळलं. म्हने, अजून हाय. मंग मले लेकराची आठोन आली. टोक सोडू लागली, तं म्हने, आता काऊन सोडतं? तुयाच लेकराची तं हाय."

इथं ती थांबली.

 

आई धावत आली तेव्हा पदराची दोरी झाली होती. ठणठणीत कोरडी. सकाळपासून काकूची चोळी दुधाने ओली होत होती…

तीही कोरडी.

घरी पोर रडत होतं. काकूने छातीशी धरलं. त्याने ओढलं. ओढत राहिलं. मग तोंड सोडून तिच्याकडे नुसतं बघायला लागलं.

एक थेंब नाही.

आजी म्हणाली, "पाह्यला ना पाट? मंग आता पाटच पाज."

शतावरी झाली, अळीव झाला, डॉक्टर झाला. शेळीचं दूध त्याने ओकलं. माझ्या आईने स्वतःशी लावून पाहिलं. त्याने ओठ घट्ट मिटले.

एक दिवस आजीच्या लक्षात आलं, दोरीवर लंगोट नाहीत.

ओलेच होत नव्हते. धुवायचं काही उरलं नव्हतं.

शेवटी शेवटी ते रडायचं, पण डोळ्यांत पाणी नसायचं.

मिरग लागायच्या आत गेलं.

पुरून आले, आणि त्याच संध्याकाळी काकूला पान्हा फुटला.

थांबेना. चोळी भिजली, लुगडं भिजलं, अंथरूण भिजलं. छाती ठणकून ती भिंतीला डोकं घासायची.

आजीने मला उचललं.

"वाया काऊन जाऊ द्याचं? ह्याले लाव."

काकूने दोन्ही हात छातीवर गच्च धरले. "नाही व आत्याबाई. ह्याले नका पाजू. हे त्याचं हाय."

आजीने तिचे हात बाजूला केले. आई दारात उभी होती. तिने अडवलं नाही. हे तीच सांगते.

मी प्यालो. आवडीने, म्हणे. पोट टम्म झालं तरी सोडेना.

काकू पुढे पुष्कळ जगली. एका घरात राहूनही तिने मला कधी नावाने हाक मारली नाही.

मी साठी ओलांडली. सगळे उन्हाळे इथंच काढले. मे महिन्यात माणसं माठाजवळून हलत नाहीत. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत एक जण उन्हाने गेला.

मला तहान लागत नाही.

आजवर कधीच लागलेली नाही. बायको पेला हातात देते तेव्हा पितो. डॉक्टर हसले, म्हणाले, असतं एखाद्याचं.

तहान लागते म्हणजे नेमकं काय होतं, हे मी अजून लोकांना विचारतो…