तीन मिलिव्होल्टची रेघ

गेल्या जानेवारीची सोळा तारीख, शुक्रवार. दिवसभर वारा नव्हता. कारखान्यांचा धूर वर जाईना, सरावलीच्या चाळीवरच टेकून राहिलेला. थंडी होती, पण अंगाला लागत नव्हती.

त्या चाळीत सुजित राहतो. त्यानं मला सांगितलं तसंच सांगतो, पोरांनो. पदरचं काय घालत नाय.

दिवसा कंपनीत, घरी आला की माइक, ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचा. त्याची बायको दमयंती हळदीची गाणी म्हणायची. पावसाळ्यात तापानं गेली. साऱ्या गावाची गाणी सुजितनं लॅपटॉपात भरलेली, बायकोचाच आवाज राहून गेला. चार वर्षांची स्वरा रोज विचारायची, "बाबा, आई कशी गायची?" तो तिच्या अंगावर गोधडी ओढायचा. रडला नाय. एकदापण नाय.

दमयंतीचा माइक मुरबे गावच्या गाण्याच्या मंडळानं मागितलेला. सकाळी द्यायचा, म्हणून रात्री साडेअकराला तपासायला बसला. पोर निजलेली.

माइकमधून किती व्होल्ट येतात ते मोजायला त्याच्याकडं एक डबा हाय, लॅपटॉपला जोडायचा. आधी मिटरनं मोजलेला सूर डब्यात सोडायचा. पडद्यावर रेघ जिथवर चढेल तिथं खूण करायची. मग त्या खुणेवरनं बाकीचं मोजायचं. अट एकच. डब्याचं बटण फिरवायचं नाय. फिरवलं की मोजणी गेली.

माइक लावला. रेघ चढली. तीन मिलिव्होल्ट. उतरली. परत तीन.

खोलीत कुणी बोलत नव्हतं.

त्यानं माइकची वायर उपसली.

तीन.

"आजोबा, डबाच बिघडला असंल," आमचा बबलू म्हणतो.

तू फिटर ना? सुजितलापण तसंच वाटलं. मिटरचा सूर परत सोडून बघितला. रेघ बरोबर खुणेवर. डबा चांगला होता.

सूर बंद केला. वायर नाय, काय नाय. रेघ चढायची... थांबायची... उतरायची. गाण्याच्या ओळीसारखी.

हेडफोन कानाला लावला. काहीच नाय.

"दमे?"

रेघ थांबली.

मग चढली. साडेतीन.

त्याला एकदा ऐकायचं होतं. एकदाच. हात बटणाकडं गेला... आवाज वाढवायला पुरं फिरवलं.

रेघ गेली.

बटण मागं आणलं. जरा पुढं... परत मागं. नाय. नवा सूर, नवी खूण. सपाट. पहाटेपर्यंत सपाट. तेव्हापण रडू आलं नाय.

सकाळी नळावर साखरबाई भेटली. जव्हारकडची. दोनच दिवस झालेले पलीकडच्या खोलीत येऊन. दमयंतीला तिनं कधी पाहिलेलं नाय. हंडा खाली ठेवून म्हणाली,

"भाऊ, राती तुज्याकडं कोण बाय गात होती? पोरीचं नाव घेऊन निजवत होती... मधीच का रं गप केलीस तिला?"