हॉर्न दाबला की वायपर हलायचा

"आजोबा, मी हॉर्न दाबला की वायपर हलतोय!"

रुमालीने पुन्हा बटण दाबलं. हॉर्नमधून सर्दी झालेल्या वासराने हंबरावं तसा घोगरा आवाज आला आणि काचेवरचा वायपर दोन बोटं उचलून परत खाली पडला. वायपरचं बटण तर बंद होतं.

२०५८ सालच्या एप्रिलमधली दुपार होती. सातपुड्यातल्या एका दगडधोंड्यांच्या चढावर 'घोरपड' अडकून पडली होती. घोरपड म्हणजे रस्ता नसलेल्या डोंगरातही चढणारी, विजेवर चालणारी बोलकी गाडी. बारा वर्षांची रुमाली आणि तिचे आजोबा डॉ. सायसिंग पावरा मातीतला ओलावा मोजणारी यंत्रं गोळा करायला आले होते. शेवटचं यंत्र काढताना आजोबांचा पाय दोन दगडांमध्ये मुरगळला. घोटा इतका सुजला होता, की त्यांना पाऊल टेकवता येत नव्हतं. रुमालीने आधार देऊन त्यांना कसंबसं गाडीत बसवलं होतं.

आणि आता खालच्या दरीतून धूर वर येत होता.

"डावी मोटर निकामी," घोरपड म्हणाली. "उजवी मोटर निकामी. रेडिओ निकामी. दिशादर्शक निकामी. एकूण अकरा बिघाड." मग तिचा आवाज चिरकला आणि बंद झाला.

मोबाइलला इथे रेंज नव्हती. पायवाटेने दोन ससे वर पळत गेले. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वणवा आपल्यापर्यंत येईल?"

आजोबांनी खोटं सांगितलं नाही. "येईल. आग चढावर जोरात धावते. ज्वाळा वरच्या पानांना आधीच तापवून ठेवतात ना, म्हणून. पण वर डोंगराच्या धारेवर जाळरेषा (आग अडावी म्हणून आधीच साफ केलेला मोकळा पट्टा) आहे. जेमतेम किलोमीटरभर. रुमाली, तू पळत सूट."

"तुम्हाला टाकून? नाही जाणार मी."

आजोबांनी सीटखालची हत्यारांची पेटी तिच्याकडे सरकवली. "मग ऐक. मी उतरू शकत नाही, तेव्हा हात तुझे. जाड नारिंगी केबल दिसतील, त्यांना अजिबात शिवायचं नाही. त्यांत मोटरची जीवघेणी वीज असते. दिवे, हॉर्न, रेडिओ आणि गाडीचा मेंदू मात्र छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. आपलं काम तेवढ्यातच."

रुमालीने बॉनेट उघडलं. फ्यूजच्या डबीत (जास्त वीज वाहिली तर स्वतः वितळून बाकीचं वाचवणारी तार म्हणजे फ्यूज) तिला एक फ्यूज काळपट दिसला. तो बदलून तिने बॉनेट दाणकन आपटलं.

घोरपड चालू झाली!

रुमाली ओरडतच आत चढली. गाडी शंभरेक पावलं वर गेली, एका दगडावरून उडी मारून आदळली आणि पुन्हा बंद पडली. मागे वळून पाहिलं, तर मघाशी नुसता धूर होता तिथे आता नारिंगी जिभा दिसत होत्या. वाळलेली सागाची पानं तडतडत होती. रुमालीला रडू फुटलं.

"फ्यूज बदलला तरी का बंद पडली?"

"कारण तो फ्यूज चांगलाच होता. चालू झाली ती तुझ्या आपटण्याने," आजोबा खोकत म्हणाले. "धक्क्याने बंद पडते, धक्क्याने चालू होते. म्हणजे कुठलीतरी जोडणी हलतेय. आता अंदाज पुरे, मोजू या. पेटीतला वीज मोजायचा मीटर घे. बॅटरीच्या दोन टोकांवर त्याच्या काड्या टेकव."

तिने उतरून बॉनेट पुन्हा उघडलं. काडी दोनदा घसरली. "बारा पूर्णांक पाच!"

"बॅटरी धडधाकट आहे. मग एकाच क्षणी अकरा गोष्टी कशा बिघडल्या? अकरा वेगवेगळे बिघाड एकदम होत नाहीत. या अकरांमध्ये सामाईक काय आहे, ते शोधायचं."

"सगळ्यांना वीज लागते."

"आणि ती परत जावी लागते. बॅटरीतून निघून, काम करून, पुन्हा बॅटरीत. या अखंड वाटेला परिपथ म्हणतात. वाट कुठेही तुटली की वीज थांबते. गाडीत जायला वेगवेगळ्या वायरी असतात. परतताना मात्र पुष्कळ वायरी एका बोल्टपाशी येतात आणि पुढे गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून वीज बॅटरीकडे जाते. त्या बोल्टला अर्थिंगचा बोल्ट म्हणायचं. होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारात सात गावांचे लोक येतात आणि सगळे ओढ्यावरच्या एकाच लाकडी साकवावरून घरी परततात. साकव मोडला तर?"

"सातही गावांचे लोक अडकतील. दुसरीकडून वाट शोधतील." रुमाली थबकली. "म्हणून हॉर्नची वीज वायपरमध्ये घुसली? तिला परतीची वाट मिळेना म्हणून?"

"शाब्बास! आता तो बोल्ट शोध. काळ्या वायरींचा झुबका जिथे सांगाड्याला जोडलाय तिथे."

झुबका दिसला. बोल्ट वरून छान घट्ट वाटत होता. तिने एक काडी बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी, चाकूने थोडा रंग खरवडून, बोल्टशेजारच्या लोखंडावर टेकवली. "हॉर्न दाबा!"

घोगरा आवाज आला. मीटरवर जवळजवळ शून्य.

"म्हणजे सांगाडा ठीक आहे. आता काडी वायरींच्या टोकावर ठेव."

हॉर्न पुन्हा घरघरला. "पाच! आजोबा, पाच व्होल्ट!"

"सापडला! वायरीचं टोक आणि लोखंड यांच्यात इतका अडथळा आहे, की विजेचा जवळजवळ निम्मा जोर तिथेच खर्च होतोय. मेंदूला जोर पुरत नाही, म्हणून तो सगळं बंद करतो."

धूर आता डोळ्यांत जात होता. एक जळकं पान रुमालीच्या मनगटावर पडलं. किंचाळून तिने ते झटकलं. क्षणभर तिला वाटलं, सगळं टाकून पळावं. मग तिने बॅटरीची ऋण जोडणी सोडवली आणि पान्याने बोल्ट काढला. खाली तांबूस गंज आणि रंगाचा थर होता. रोजच्या हादऱ्यांनी बोल्ट जरासा सैल झाला होता, आणि त्या फटीत गंज शिरला होता. चाकूने ती खरवडत राहिली. बोटं सोलली. अखेर लोखंड चकाकलं.

"घट्ट आवळ! सगळा जोर लाव!"

तिने पान्यावर अंगाचा भार टाकला आणि बॅटरी जोडली. आजोबांनी हॉर्न दाबला. त्या खणखणीत आवाजाने झाडावरचे उरलेसुरले पक्षीही उडाले. वायपर जागचा हलला नाही.

"बिघाड शून्य," घोरपड म्हणाली.

उष्णतेने पाठ भाजत असताना रुमाली आत घुसली. घोरपड उसळत, आदळत चढ चढू लागली. प्रत्येक धक्क्याला रुमाली श्वास रोखून धरत होती. गाडी बंद पडली नाही. धारेवरचा मोकळा पट्टा आला, तो ओलांडून ते पलीकडे थांबले, तेव्हा आजोबांनी रेडिओवरून वणव्याची खबर दिली. थोड्याच वेळात पाण्याच्या टाक्या घेतलेली विमानं दरीवर घिरट्या घालू लागली.

आजोबांनी रुमालीच्या भाजलेल्या मनगटावर पाणी ओतलं. "घाबरलीस?"

"खूप. तुम्ही?"

"मीसुद्धा. पण तू घाबरतच मोजत राहिलीस."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आजोबा, गाडीने परतीच्या वाटेवरचे व्होल्ट स्वतःच सतत मोजले, तर बोल्ट सैल होतानाच कळेल ना? बंद पडायच्या आधीच?"

आजोबांनी खिशातली वही काढून तिच्यापुढे धरली. "कळेल. आणि तसं यंत्र अजून कुणी या गाड्यांत बसवलेलं नाही. काढ आकृती."

रुमालीने वही मांडीवर घेतली. सोललेल्या बोटांमुळे रेषा वाकड्यातिकड्या आल्या. पण त्या बॅटरीतून निघाल्या, सगळीकडे फिरल्या आणि कुठेही न तुटता बॅटरीत परत आल्या.