चार नंबरची बरणी

प्राणिशास्त्राच्या तोंडी परीक्षेला अर्धा तास होता. एकदा शेवटचं बघून घ्यावं म्हणून प्रयोगशाळेत शिरले, तर श्रीशैल खिडकीशी बरण्या पुसत होता. तामलवाडीचा, सहा महिन्यांच्या करारावर आलेला मदतनीस. दिसायला… जाऊ दे.

जबडा नसलेल्या माशांच्या आमच्याकडे दोनच बरण्या, एक लॅम्प्री आणि एक हॅगफिश. लॅम्प्रीचं ते गोल तोंड, आत दातांची कडी. डोळ्यामागे कल्ल्यांची सात-सात छिद्रं. चार नंबरच्या बरणीवर ‘लॅम्प्री’ वाचून मी मोजायला गेले, तर तिथं छिद्रं नाहीत. डोळेही दिसेनात, तोंडाभोवती नुसत्या मिशा. ही तर हॅगफिश!

“लेबलं तुमी लावली?”

“व्हय, परवा…” त्यानं वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. आणखी एक चूक झाली तर उद्यापासून येऊ नको, असं आमच्या विभागप्रमुख सरांनी त्याला बजावलं होतं.

तेवढ्यात बाहेरून हाक आली आणि मी रांगेत जाऊन उभी राहिले. परीक्षक त्यांच्या बाजूला वळवलेलं लेबल बघूनच मार्क देतात, हे दोन वर्षांत कळलं होतं. मी खरं सांगितलं तर ते बरणी फिरवून बघणार, आणि श्रीशैल जाणार.

माझी पाळी आली. परीक्षकांनी नेमकी चार नंबरचीच बरणी पुढे सरकवली. श्रीशैल मागे भिंतीला टेकून उभा होता.

“लॅम्प्री,” मी म्हणाले.

“कशावरून?”

“कल्ल्यांची सात छिद्रं आहेत, सर.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “लेबलांची अदलाबदल झाल्याचं या मुलानं मघाशीच कबूल केलंय. तुला सात छिद्रं दिसली कुठं?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या प्रश्नाला शून्य मिळालं.

जिन्यापाशी श्रीशैल थांबला होता. सरांनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

“तुमाला तर ठावं होतं,” तो हळूच म्हणाला. “मग खोटं का बोललात?”

“तुमी जाताल म्हणून… लई भ्या वाटलं.” मान वर करायची हिंमत नव्हती. “तुमी मला आवडता.”

त्यानं हातातल्या फडक्याची नीट घडी घातली.

“आधी काम बघतो कुठंतरी,” तो म्हणाला. “मग अणदूरला तुमच्या घरी येतो. तुमच्या आण्णांना भेटाया. येऊ?”

आमचे वडील, आण्णा, मी नुसती कुणा मुलाशी बोलले तरी घर डोक्यावर घेणारे! मी हो म्हटलं, आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त भीती मला तेव्हाच वाटली.