गरम टायरचं माप

चैत्रातल्या भर दुपारी भूमिकाच्या गाडीत घोड्याचा नाल उगवला. स्पीडच्या काट्याशेजारी, पिवळा, आणि नालाच्या पोटात उद्गारचिन्ह. भूमिका गुरांची डॉक्टर. सकाळपासून चार गावांत लसी टोचून तिचे हात खांद्यातून गळाले होते. गाडी भावाची. तो पुण्याला गेला तेव्हा किल्ली देऊन गेला, दिवे काय सांगतात ते सांगायला मात्र विसरला.

सारंगखेड्याच्या पुलाच्या तोंडाशी निंबाखाली पंक्चरचं दुकान होतं. तिने काच खाली केली.

"भाऊ, गाडीमा घोडाना नाल लागेल शे."

दुकानदार हेमकांत खिडकीतून वाकला. हसू आलं होतं, पण त्याने ते मिशीतच ठेवलं.

"मन्हा आजा सारंगखेडानी जत्रामा घोडासले नाल ठोके, डॉक्टरीण बाई. हाऊ त्यामाना नही. हाऊ हवाना दिवा शे."

मागच्या चाकात बाभळीचा काटा निघाला. त्याने तो काढला, पंक्चर बुजवलं, हवा भरली आणि गाडीच्या दाराच्या कडेचा हवेच्या मापाचा कागद दाखवला: तेहतीस. भूमिकाने तो आकडा परीक्षेला बसल्यासारखा पाठ केला.

आणि इथेच बाई चुकल्या. शिकलेली माणसं चुकतात तशा, अगदी काटेकोरपणे. रोज दुपारी फिरून आल्यावर त्या स्वतःच्या मापकाने हवा बघत. सदतीस दिसली की फुस्स करून तेहतिसावर आणत. दुसऱ्या दिवशी सकाळी नाल पुन्हा हजर. पुन्हा निंबाखाली... दुसऱ्या खेपेला हेमकांतने काटा शोधला, सापडला नाही. तिसऱ्या खेपेला तिच्या तोंडचा 'भाऊ' कुठेतरी गळून पडला. तो परत आणायची घाई दोघांनाही नव्हती.

चौथ्या खेपेला त्याने तिच्या हातातलं मापक काढून घेतलं.

"हवा तुम्हीच काढतस का?"

"जास्ती दिखस ना."

"गाडी पळी पळी टायर तापस, मंग माप फुगस. ते खरं नही. रातभर गाडी उभी ऱ्हायनी, टायर गार व्हयनं, का मंग माप लेवानं."

तिला हसू आलं. तेवढं हसायलाही अंगात बळ लागतं, हे तिला त्या दिवशी कळलं. त्याने स्टूल पुढे सरकवून माठातलं पाणी दिलं. लाल दिवा लागला तर जागच्या जागी थांबायचं, पिवळा लागला तर जाता येतं, पण फार दिवस डोळेझाक करायची नाही, असं त्याने शिकवलं.

"आणि मन्हा कोनता दिवा लागेल शे?" तिने विचारलं.

तो तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे बघत राहिला... जरा जास्तच वेळ.

"पिवळा," तो म्हणाला.

वैशाख लागला तशी ती पार थकली. सुरतच्या एका डेअरीने कचेरीतली नोकरी देऊ केली होती. गार खोली, फिरती नाही, गाडी नाही. रात्रीपर्यंत उत्तर कळवायचं होतं. संध्याकाळी ती निंबाखाली आली आणि स्टुलावर अक्षरशः कोसळली. त्या दिवशी तिच्या डोळ्यांदेखत दोन वासरं गेली होती.

"सुरतले 'हो' सांगस आते," ती म्हणाली. "नही तर... तू सांग 'थांब', मी थांबस. तू म्हणशी तसं. माले इचार करानं बळ नही."

तिने आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'तू' म्हटलं होतं. हेमकांतच्या हातातला पाना तसाच राहिला. त्याला 'थांब' म्हणायचंच होतं, आणि हे तिला त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

"आज मी नही सांगाव," तो हळूच म्हणाला. "आज तू तापेल शे. आजनं माप खरं नही. सुरतवालासकडथून सकायलोंग टाइम मांग. घर जाय, झोप."

तिला राग आला. इतकं सांगूनही माणूस नियमावर बोट ठेवतो म्हणजे काय? ती गाडीचं दार आपटून निघाली. पूल ओलांडताना मात्र रागाखाली काहीतरी निवांत वाटत होतं. आज कितीतरी दिवसांनी कुणी तिच्याकडून काही मागितलं नव्हतं. तिने सुरतला फोन करून सकाळपर्यंतची मुदत घेतली आणि उताणी पडून झोपली.

सकाळी सात वाजता हेमकांत दुकानाचं शटर वर ढकलत होता. रात्रभर त्याचा डोळा लागला नसावा, शर्टाची बटणं चुकली होती. पुलावरून ती चालत आली. केस ओले, पायात घरची चप्पल.

"गाडी कोठे शे?" त्याने घाबरून विचारलं.

"घर. रातभर उभी शे. गार."

"आणि सुरत?"

"'नही' कळाई दिनं. वासरं मरतस, मी दमस, तरी माले आठेच ऱ्हावानं शे. तुन्हाजोडे." ती दम घ्यायला थांबली... "आठ तास झोपीसन सांगी ऱ्हायनी. आते ले माप."

 मग रात्रभर तोंडात धरून ठेवलेला शब्द त्याने एकदाचा बाहेर काढला.

"थांब. जाऊ नको कोठेच."

"मी कोठे जास?" ती म्हणाली. "चाल, घर. मन्ही आईनी चहा ठेयेल शे. आणि बटनं नीट लाव."

त्याने बटणं लावली, मापक खिशात टाकलं आणि शटर पुन्हा खाली ओढलं.