दवा पहिले तिले

खोटं वाटत असेल तर वाटू द्या, मला काय त्याचं. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय... आमच्याच घरात, चिखल्याला, मागच्या उन्हाळ्यात. रात्रीबित्री नाही, भर दुपारी.

त्याच्या आदल्या वर्षी माझ्या सासूबाई शकुनबाई, आमच्या आत्याबाई, दम्याने गेल्या. तोंडावर मास्क होता, मशीन त्यातून जोराने हवा द्यायची. पण वाफेची दवा संपलेली. माझे मालक इश्वर आणायला तुमसरला गेले. तोवर आत्याबाईंचं एकच चालू होतं, "दवा टाक ना वं, कामिनी."

दवा आली तेव्हा त्या थंड पडल्या होत्या.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना.

सासरे सुखराम, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. ते उठले. त्या दवेची एक कुपी पानावर ठेवली अन् हात जोडले.

"शकुन, या घरात दवा आली का पहिले तुले. मंग आमाले."

कावळ्याने झडप घातली.

सगळे म्हणाले, सुटली बिचारी. कसली सुटते...

पुढे मामाजींचाच दम वाढला. जन्मभर खाणीतली धूळ खाल्लेली छाती. मास्क नवा आणला, मशीन तेच. भंडाऱ्याच्या नर्सने मला बजावलं होतं, "दवा देताना मास्क काढू नका, हवा तुटते. दवेची डबी मास्क अन् नळीच्या मधात लावा. हवेसोबत वाफ आत जाते."

त्या दुपारी मी तशीच डबी लावली. दवा टाकली. मास्क पांढऱ्या वाफेने भरला...

पण वाफ आत गेलीच नाही.

मास्कच्या भोकातून बाहेर निघाली. सरळ रेघेत. समोरच्या, आत्याबाईंच्या रिकाम्या खाटेकडे...

पंखा बंद होता.

मामाजींचे ओठ निळे पडले. आणि त्या खाटेवरून आवाज आला... घरघर. तीच. मी ओळखते. हळूहळू ती मोकळी होत गेली.

मी दुसरी कुपी टाकली. तीही तिकडेच.

"आत्याबाई, पुरे करा. नवरा मरून राहिला तुमचा."

खाट कुरकुरली. बस, एवढंच.

मामाजींनी माझा हात धरला. मास्कमधून म्हणाले, "तिचं होऊ दे, बाई. मंग मले देईल ते."

बिचारे वाट पाहत राहिले. तिचं झालंच नाही. ते गेले.

पुन्हा दहावा, पुन्हा नदी, पुन्हा कावळा शिवेना. भाऊबंद इश्वरना म्हणाले, "बोल ना गा, बापाले दवा देतो म्हणून."

त्यांनी तोंड उघडलं. मी चारचौघांत त्यांच्या तोंडावर हात दाबला. नवऱ्याची इज्जत गेली म्हणतात लोक. जाऊ दे गेली तर.

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

आता दुपारी त्या खोलीतून दोन घरघरी ऐकू येतात. एक मोकळी. एक अडकलेली...

इश्वरही खाणीतच जातात. त्यांनाही दम लागून राहिला. डॉक्टरने तीच दवा लिहिली. मी कुप्या घरात आणल्याच नाहीत, फाटकाबाहेर झाडाला पिशवीत टांगल्या.

काल काढून पाहिल्या...

सील शाबूत होतं. आत थेंब नव्हता.

आतून इश्वर हाका मारून राहिले होते, "कामिनी, दवा आण ना वं." मी फाटकातच उभी होते.